लाटांच्या हिशेबाचा ताळा

पाण्यावरची लाट ही निसर्गातील इतक्या परिचयाची वस्तू आहे, की तिच्याविषयी जाणून घेण्यासारखे काही शिल्लक असेल अशी शंका सामान्य माणसाच्या मनाला सहसा शिवत नाही. आणि तरीही गेल्या दोन-अडीच शतकांत ज्या प्रश्नांनी एकाहून एक समर्थ गणितज्ञांना अडवून धरले, त्यांत या लाटेची गणना अग्रभागी करावी लागते. पाण्याच्या गतीचे नियम ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्यासच लिहून ठेवले होते. परंतु ते नियम लागू होतात ते पाण्याच्या पोटात, आणि ते पोट वरच्या बाजूस कोठे संपते हे तर लाटेच्या आकारावरच अवलंबून. म्हणजे ज्या पृष्ठभागाचा शोध घ्यायचा, तोच पृष्ठभाग प्रश्नाची सरहद्दही ठरवतो, आणि ती सरहद्द क्षणोक्षणी हलत राहते. या एका अडचणीमुळे लाटांचे गणित दीर्घकाळ अंदाज, तडजोड आणि वादविवाद यांच्या आधाराने चालले, आणि संगणक हाती आल्यानंतरच त्याला आजचे रूप लाभले. ते रूप कसे आले, आणि संगणकाने दाखवलेली लाट खरोखर पाण्याची आहे की केवळ आकडेमोडीची, हे ओळखायचे कसे, या दोन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

जे कागद-लेखणीने सुटते, ते प्रथम पाहू. लाटेची उंची तिच्या लांबीच्या मानाने अगदी अल्प आहे असे गृहीत धरले, तर हिशेब सोपा होतो. खोल समुद्रात ज्या लाटेची लागोपाठची दोन शिखरे 10 सेकंदांच्या अंतराने एका जागेवरून जातात, तिची लांबी सुमारे 156 मीटर भरते व ती ताशी 56 किलोमीटर वेगाने चालते. तेच अंतर 20 सेकंदांचे असेल, तर लांबी चौपट होते आणि वेग दुप्पट. म्हणून दूरच्या वादळात एकाच वेळी जन्मलेल्या नाना लाटांपैकी लांब लाटा पुढे निघून येतात, आखूड लाटा मागे राहतात, आणि किनाऱ्यावर त्यांची आवक निरनिराळ्या वेळी होते. उथळ पाण्यात हा भेद नाहीसा होऊन वेग केवळ खोलीवर ठरतो. त्सुनामीची लांबी शेकडो किलोमीटर असू शकते; तिच्या दृष्टीने 4000 मीटर खोल महासागरदेखील उथळच, आणि तेथे तिचा वेग ताशी सुमारे 700 किलोमीटर येतो. इतके हिशेब महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यालाही जमतील. पण लाट उंच झाली, दुसरीशी तिची गाठ पडली, ती वळली किंवा फुटली, की या सोप्या गणिताचा अंमल संपतो. कारण दोन लहान लाटा एकत्र आल्या तर त्यांची नुसती बेरीज होते, परंतु दोन मोठ्या लाटा एकमेकींचे वर्तनच पालटून टाकतात.

या दुसऱ्या प्रकारच्या लाटेची पहिली शास्त्रीय नोंद एका घोडेस्वाराने केलेली आहे. 1834 च्या ऑगस्ट महिन्यात जॉन स्कॉट रसेल हा तरुण स्कॉटिश अभियंता एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या नावेचे निरीक्षण करीत होता. नाव एकाएकी थांबली. तिच्यापुढे साचलेले पाणी मात्र न थांबता एका गुळगुळीत, गोलसर उंचवट्याच्या रूपाने पुढे निघाले. उंचवटा सुमारे 30 फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच. त्याच्या मागेपुढे खळगा नाही, दुसरी लाट नाही. रसेलने त्याच्यामागे घोडा घातला. ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या त्या एकाकी लाटेने आपला आकार जवळजवळ कायम राखला, आणि एक-दोन मैलांच्या पाठलागानंतर ती कालव्याच्या वळणांत दिसेनाशी झाली. रसेल एवढ्यावर थांबला नाही. त्याने हौद बांधून तीच लाट पुन्हा पुन्हा उत्पन्न केली, तिचा वेग पाण्याच्या खोलीवर आणि लाटेच्या उंचीवर कसा ठरतो याचा नियम मोजमापांवरून बसवला, आणि 1844 साली आपला सविस्तर अहवाल ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवला.

त्या काळच्या श्रेष्ठ गणितज्ञांना मात्र तो पटला नाही. राजज्योतिषी एअरी यांच्या सिद्धांतानुसार उथळ पाण्यातील लाटेचा उंच भाग सखल भागापेक्षा अधिक वेगाने चालतो. तेव्हा अशा उंचवट्याची पुढची बाजू उत्तरोत्तर उभी होत जाऊन अखेरीस ती कोसळलीच पाहिजे, ती अखंड चालत राहीलच कशी, असा त्यांचा आक्षेप होता, आणि स्टोक्ससारख्या सूक्ष्म बुद्धीच्या पंडितालाही आरंभी हीच शंका होती. खुलासा झाला तो 1871 साली फ्रान्समध्ये बूसिनेस्क यांच्याकडून आणि 1876 साली इंग्लंडमध्ये रेले यांच्याकडून. लाटेला उभे करू पाहणारी एक प्रवृत्ती आणि तिच्यातील लांब-आखूड घटकांना वेगवेगळ्या वेगांनी पांगवू पाहणारी दुसरी प्रवृत्ती, या दोहोंचा तोल साधला म्हणजे रसेलची लाट जन्माला येते. 1895 साली कोर्तवेग आणि द व्रीस या डच गणितज्ञांनी हा तोल एका आटोपशीर समीकरणात मांडला. तोवर रसेलला जाऊन तेरा वर्षे लोटली होती. समीकरण ग्रंथालयांच्या कपाटांत गेले, आणि पुढची सुमारे साठ-सत्तर वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही.

तेथून ते बाहेर काढले ते पाण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका आकडेमोडीने. अमेरिकेत लॉस अलामोस येथे ‘मॅनिअॅक’ नावाचा आरंभकालीन संगणक होता. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी त्याच्यावर एक निरुपद्रवी दिसणारा प्रश्न सोपवला: एका ओळीत स्प्रिंगांनी जोडलेले काही डझन भार आहेत, स्प्रिंगांचे बल ताणाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, किंचित वाकडे वाढते, अशा साखळीला एका साध्या कंपनात सोडून दिले, तर ती ऊर्जा सर्व कंपनांत सारखी वाटली जायला किती काळ लागेल? आज्ञावली लिहिण्याचे काम मेरी त्सिंगू या तरुणीने केले. ऊर्जा वाटली जाईल अशी सर्वांची खात्री होती. ती वाटली गेली नाही. थोड्याशा कंपनांत फिरून ती जवळजवळ संपूर्णपणे मूळ कंपनात परत आली. 1955 साली हा निष्कर्ष अहवालरूपाने नोंदवला गेला, तेव्हा फर्मी हयात नव्हते. अहवालात मेरी त्सिंगू यांचे आभार मानले गेले. लेखकांच्या नावांत मात्र त्यांना स्थान मिळाले नाही, आणि पुढे कित्येक दशके या प्रश्नाचा उल्लेख तीन पुरुषांच्या नावानेच होत राहिला. आज अनेक अभ्यासक त्यात चौथे नाव जोडतात, ते न्याय्यच आहे; आकडेमोडीचा प्रयोग हाही प्रयोगच असेल, तर तो उभा करणारा हात प्रयोगकर्त्याचाच मानला पाहिजे.

या कोड्याचा छडा 1965 साली नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी लावला. साखळीतील भार पुष्कळ आणि लाट लांब असे धरले, की कोर्तवेग-द व्रीस यांचे तेच विस्मृतीत गेलेले समीकरण हाती येते, हे त्यांच्या ध्यानी आले. ते समीकरण त्यांनी संगणकावर सोडवले. आरंभी दिलेली साधी चढउताराची लाट हळूहळू उभी झाली आणि मग तिच्यातून एकामागून एक आठ सुटे उंचवटे निघाले. उंच ते पुढे, ठेंगणे ते मागे. ते एकमेकांना गाठीत, एकमेकांत शिरत, आणि पलीकडे पुन्हा आपापल्या मूळ आकारात आणि वेगात बाहेर पडत. खूण राहिली ती एवढीच, की भेटीनंतर त्यांची जागा अपेक्षेपेक्षा थोडी सरकलेली असे. या उंचवट्यांना त्यांनी ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी तेच समीकरण संपूर्णपणे, कागदावर, सोडवण्याची रीत काढली. त्या रीतीपासून गणिताची एक नवी शाखाच उदयाला आली, आणि प्रकाशतंतूंतून जाणाऱ्या स्पंदांपर्यंत तिची व्याप्ती पोहोचली.

या घटनांचा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. निरीक्षण आधी झाले, त्याला विद्वानांनी हरकत घेतली, समीकरण मागाहून आले, आणि त्या समीकरणात काय दडले आहे हे यंत्राने दाखवल्यावर मगच त्याची सिद्धता शोधण्याची प्रेरणा माणसाला झाली. संगणक येथे हिशेबनीस कारकून नव्हता. दुर्बिणीने जे काम ज्योतिषशास्त्रात केले, ते त्याने समीकरणांच्या बाबतीत केले. पण दुर्बिणीच्या भिंगात दोष असला, तर आकाशात नसलेली वर्तुळे दिसतात. संगणकाच्या बाबतीत हा धोका कितीतरी अधिक असतो.

तो कसा, हे समजण्यासाठी आकडेमोडीच्या अंतरंगात थोडे शिरावे लागेल. संगणकाला सलग पाणी ठाऊक नाही. त्याला ठराविक जागी ठेवलेले आकडे ठाऊक असतात. म्हणून समुद्राचे कप्पे पाडायचे, काळाचे तुकडे पाडायचे, आणि या तुकड्यातील आकड्यांवरून पुढच्या तुकड्यातील आकडे काढायचे, असा शिरस्ता आहे. कप्पा आणि काळाचा तुकडा यांचे परस्परप्रमाणही मनाला येईल तसे ठेवून चालत नाही. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी 1928 साली, म्हणजे असे संगणक अस्तित्वातही नसताना, एक अट दाखवून दिली होती. तिचा साध्या पद्धतींपुरता सारांश असा, की एका काळतुकड्यात लाटेने एका कप्प्याहून अधिक अंतर तोडता कामा नये. ही अट मोडली, की काही क्षणांतच आकडे बेफाम वाढत जातात आणि हिशेब कोसळतो. हा प्रमाद त्या मानाने सौम्यच म्हणायचा, कारण तो लपून राहत नाही. घातक असतात ते लपणारे दोष. कप्प्यांच्या जाळ्यामुळे आखूड लाटांचा वेग किंचित चुकतो, आणि मुख्य लाटेच्या मागे बारीक लहरींची एक शेपटी उमटते. पाहणाऱ्याला ती समुद्राचीच वाटते. उलट काही पद्धतींत लाट विनाकारण झिजत जाते, आणि पाण्याच्या चिकटपणाने ती शमली असा समज होतो.

पाण्याच्या लाटांत यावर एक सुंदर उपाय सापडला. पाण्याची गती भोवऱ्यांवाचून आहे असे धरले, तर पृष्ठभागाचा आकार आणि पृष्ठभागावरील गतीचे एक माप एवढे दोनच तपशील पुरतात; पोटातील साऱ्या पाण्याची अवस्था त्यांवरून निश्चित होते. रशियन शास्त्रज्ञ झाखारॉव यांनी 1968 साली ही मांडणी केली. त्यामुळे समुद्राचे कप्पे पाडण्याऐवजी केवळ त्याच्या कातडीवर बिंदू मांडले तरी भागते. 1976 साली लाँगेट-हिगिन्स आणि कोकेलेट यांनी याच धर्तीवर उंच लाटेचा माथा पुढे झुकून खाली वळू लागेपर्यंतचा प्रवास संगणकावर प्रथमच बिनचूकपणे काढून दाखवला. बिनचूकपणे म्हणताना मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: त्यांच्या हिशेबात पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारखी एक बारीक नागमोड उमटू लागली, आणि ती दर काही टप्प्यांनी शेजारच्या बिंदूंच्या सरासरीने पुसून टाकावी लागली. त्यांनी ही गोष्ट दडवली नाही. निबंधातच नमूद केली. लाटांच्या संशोधनातील सचोटीचा हा वस्तुपाठ आहे, असे मी मानतो.

मग ताळा पाहायचा कसा? शाळेत बेरजेचा ताळा पाहायला शिकवत, त्याच वृत्तीच्या काही वाटा आहेत. ज्या थोड्या लाटांचे उत्तर कागदावर पक्के ठाऊक आहे, त्या संगणकाला सोडवायला द्यायच्या. रसेलची एकाकी लाट, किंवा जिच्या शिखराशी नेमका 120 अंशांचा कोन होतो असे स्टोक्सने सांगितले ती अत्युच्च लाट, या अशा परीक्षेला बोलावल्या जातात. कप्पे निम्मे करून पुन्हा हिशेब मांडायचा, आणि उत्तर बदलते की स्थिरावते ते पाहायचे. पाण्याचे वस्तुमान आणि ऊर्जा यांचा जमाखर्च आरंभी आणि शेवटी जुळवायचा. आणि सर्वांत मोठा ताळा प्रत्यक्ष पाण्याचा. 1993 च्या जुलैमध्ये जपानच्या ओकुशिरी बेटावर त्सुनामी आदळली, तेव्हा मोनाई नावाच्या ठिकाणी एका अरुंद घळीत पाणी 30 मीटरांहून अधिक उंचीवर चढले. जपानी अभियंत्यांनी त्या घळीची 1:400 प्रमाणातील प्रतिकृती हौदात बांधून तिच्यावर लाट सोडली, जागोजागी पाण्याची उंची मोजली, आणि ती मापे सर्वांना उपलब्ध करून दिली. तेव्हापासून त्सुनामीची नवी आज्ञावली कोणी तयार केली, की तिला मोनाईची घळ चढावी लागते.

कधीकधी ताळा उलट दिशेनेही लागतो, म्हणजे दोष हौदाचा वाटावा आणि निघावा निसर्गनियम. ब्रूक बेंजामिन आणि जिम फेर हे हौदात एकसारख्या, नियमित लाटांची माळ उत्पन्न करू पाहत होते. पण हौदाच्या दूरच्या टोकाला पोहोचेतो ती माळ विस्कळीत होऊन जाई. तरंगजनक यंत्राला बोल लावून मोकळे होणे सोपे होते. 1967 साली त्यांनी सिद्ध केले, की खोल पाण्यावरील एकसारख्या लाटांची माळ मुळातच अस्थिर असते. शेजारच्या लाटांची ऊर्जा शोषून एखादी लाट आपोआप मोठी होत जाते. 1 जानेवारी 1995 रोजी उत्तर समुद्रातील द्राउप्नर या नॉर्वेजियन फलाटावरच्या मापकाने 25.6 मीटर उंचीच्या एका लाटेची नोंद केली. त्या वेळी समुद्रातील मोठ्या लाटांची सरासरी उंची सुमारे 12 मीटर होती. खलाशांच्या तोंडून शतकानुशतके ऐकू येणाऱ्या राक्षसी लाटांना त्या दिवशी मोजमापाचा दाखला मिळाला. ती लाट वरील अस्थिरतेतून जन्मली, की दोन दिशांनी आलेल्या लाटांच्या योगायोगाने, हा वाद अद्याप चालू आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एडिंबरो येथील वर्तुळाकार हौदात सुमारे 120 अंशांच्या कोनात छेदणाऱ्या लाटा सोडून तिची लहान प्रतिकृती घडवण्यात आली, तेव्हा दुसऱ्या पक्षाला बळ मिळाले.

साऱ्या महासागराचे भाकीत करायचे, तर एकेक लाट मोजत बसणे अशक्य आहे, आणि तेथे वेगळाच हिशेब चालतो. त्याचा उगम युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवताना लाटा किती उंच असतील हे आगाऊ सांगण्याची रीत स्वेरड्रुप आणि मुंक यांनी बसवली, आणि नॉर्मंडीच्या उतराईच्या वेळी तिचा उपयोग झाला. हल्लीच्या पद्धतीत समुद्राच्या प्रत्येक चौकोनात, गावच्या जमाबंदीच्या वहीत खातेदारनिहाय नोंदी असाव्यात तशा, कोणत्या दिशेने जाणाऱ्या व किती सेकंदांच्या लाटांत किती ऊर्जा आहे याच्या नोंदी ठेवतात. साधारणतः 24 दिशा आणि 25 वारंवारता, म्हणजे एका चौकोनामागे 600 आकडे. वाऱ्याने किती ऊर्जा जमा केली, फेसाळून किती खर्ची पडली, आणि लाटांनी आपापसांत किती फिरवाफिरव केली, या तीन बाबींनी वही दर घडीला बदलते. तिसरी बाब सर्वांत बिकट. चार-चार लाटांच्या टोळीत ऊर्जेची देवघेव कशी होते याचे सूत्र क्लाउस हासलमान यांनी 1962 साली काढले होते. पण ते पूर्णपणे मोजायला इतका वेळ लागे, की उद्याचे भाकीत उद्या मावळल्यावर हाती यावे. 1985 साली सुझान हासलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अगणित टोळ्यांपैकी मोजक्याच प्रातिनिधिक टोळ्या धरण्याची तडजोड सुचवली. ती स्थूल आहे हे सर्वांना ठाऊक होते. तरी तिच्यावाचून 1988 साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेली ‘वॅम’ ही आज्ञावली चालली नसती, आणि आजही दैनंदिन भाकिते बहुतांशी तिच्याच आधारावर उभी आहेत. क्लाउस हासलमान यांना 2021 साली हवामानविषयक कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विचाराची जडणघडण लाटांच्या या जमाखर्चात झाली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

अमेरिकेची ‘वेव्हवॉच’ आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे तयार झालेली ‘स्वान’ या वॅमच्याच पठडीतल्या आज्ञावली होत. लाट प्रत्यक्ष फुटते, फेस, थेंब आणि बुडबुडे यांचा कल्लोळ होतो, तेथे मात्र ही वही कामाची नाही. तेथे पाणी आणि हवा दोन्ही मोजावी लागतात. पॅरिसच्या पोपिने यांची ‘बासिलिस्क’ ही आज्ञावली जेथे गडबड अधिक तेथे कप्पे आपोआप बारीक करते आणि शांत पाण्यात ते मोठे ठेवते. तर दुसऱ्या एका पंथात कप्पेच नसतात, पाण्याचे असंख्य कण मोकळे सोडलेले असतात. ही दुसरी पद्धत 1977 साली ताऱ्यांच्या अभ्यासासाठी जन्माला आली आणि पुढे धरणफुटीच्या लोंढ्याला आणि धक्क्यावर आदळणाऱ्या लाटेला लागू झाली.

आपल्याकडे हे सारे परके नाही. पुण्याजवळ खडकवासला येथे, 1916 साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत, बंदरांच्या प्रतिकृती हौदात बांधून त्यांच्यावर लाटा सोडण्याची वहिवाट जुनी आहे. 1:100 प्रमाणाच्या प्रतिकृतीत 10 सेकंदांची लाट 1 सेकंदाची होते, कारण काळ लांबीच्या वर्गमुळाने आक्रसतो. मात्र पाण्याचा पृष्ठताण त्या प्रमाणात आक्रसत नाही, म्हणून फार लहान प्रतिकृती फसवते. हौद आणि संगणक हे प्रतिस्पर्धी नाहीत. बंदराच्या बांधातल्या दगडांच्या फटींतून घुसणारे पाणी हौदात अधिक विश्वासाने दिसते, आणि पन्नास निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या लाटांची तपासणी संगणकावर अल्पावधीत होते.

पश्चिम किनाऱ्यावर लाटांच्या भाकिताची खरी कसोटी पावसाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्याच्या निरभ्र दिवसांत लागते. वारा नाही, वादळाची वार्ता नाही, आणि केरळच्या किनाऱ्यावर एकाएकी पाणी घरांत शिरते. तेथील कोळी या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात. त्याचे मूळ दक्षिणेकडे हजारो किलोमीटरांवर, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या महासागरातील वादळांत असते. 20 सेकंदांच्या लाटांची ऊर्जा शिखरांच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे 56 किलोमीटरांनी चालते. 6000 किलोमीटर तोडायला तिला साडेचार दिवस लागतात. हा साडेचार दिवसांचा अवकाश म्हणजे आज्ञावली चालवणाऱ्यांची मुदत. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून या लाटांचे पूर्वसूचनापत्र निघते, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी समुद्रात तरंगणाऱ्या मापकांच्या नोंदींशी भाकितांचा मेळ घालून पाहता येतो. त्सुनामीला इतकी मुदत नसते. म्हणून तेथे निरनिराळ्या जागी व निरनिराळ्या तीव्रतेचे भूकंप कल्पून त्यांच्या लाटांचे हिशेब आगाऊ करून दप्तरी ठेवलेले असतात, आणि भूकंप झाला की त्याच्याशी जुळणारा हिशेब बाहेर काढला जातो.

आता एका गोष्टीचा आग्रह धरल्यावाचून राहवत नाही. स्वान, वेव्हवॉच, बासिलिस्क या आज्ञावली विनामूल्य आहेत, आणि त्यांचा संपूर्ण मसुदा कोणालाही वाचता, तपासता व दुरुस्त करता येतो. ही सोय केवळ खर्चाच्या दृष्टीने मोलाची नाही. रसेलच्या लाटेवरचा वाद मिटला तो त्याने आपली मापे उघड ठेवली म्हणून; करवतीच्या दात्यांची हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती लेखकांनी ती लिहून ठेवली म्हणून. ज्या आज्ञावलीचा मसुदा बंद पेटीत आहे, तिच्या उत्तराचा ताळा तिऱ्हाइताला पाहता येत नाही, आणि ताळा न पाहिलेला हिशेब कितीही देखण्या रंगीत नकाशात मांडला तरी त्याची योग्यता अंदाजाहून अधिक नाही.

कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आज धूपप्रतिबंधक बंधारे, धक्के आणि बंदरे यांचे बेत आखले जातात, आणि त्यांच्या अहवालांत लाटांचे हिशेब असतात. त्या प्रत्येक अहवालासोबत कोणती आज्ञावली वापरली, समुद्रतळाची खोली कोणत्या नकाशावरून घेतली, वारा कोणत्या नोंदींतला आणि कप्पे किती मोठे, हा सारा तपशील व मूळ आकडे जोडून जनतेला खुले करावेत. रत्नागिरी, मालवण, पणजी येथील महाविद्यालयांतल्या गणिताच्या व अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी असा एखादा अहवाल घ्यावा, स्वान आपल्या साध्या संगणकावर बसवावी, आणि विद्यार्थ्यांकडून तोच हिशेब पुन्हा करवून घ्यावा. उत्तर जुळले, तर बंधाऱ्यावर भरवसा ठेवायला आधार मिळेल. न जुळले, तर दगड पडण्याआधीच ते संबंधित खात्याला लेखी कळवावे.